पाटीची पाठ

इथं हिवाळा जमिनीत चार फूट उतरतो,
म्हणून खड्डा पाच फुटांचा.
हे सल्लागारबाईंच्या पुस्तिकेत नव्हतं.
तिच्यात होता गडद निळा, राखी,
आणि एक केशरी, ज्याला त्या ‘पानगळ’ म्हणत,
आणि नियम :
तीस मैलांच्या वेगानं येणाऱ्याला
तीन सेकंदांत शहर कळलं पाहिजे.

मी रस्ते विभागात एकोणीस वर्षं आहे.
मला अजून कळतंय.

वेशीवर काय टांगायचं यावर तीन बैठका झाल्या.
लक्तरं नकोत, एवढ्यावर लगेच एकमत.
धबधबा हवा, बँकेचा मॅनेजर म्हणाला,
धबधबा बंधाऱ्याखाली गेलाय सत्तर वर्षांपूर्वी, ओदिल तिबोदो म्हणाली,
मग मासा घाला, कुणीतरी म्हणालं.
मासा घातला.

जुनी पाटी लाकडी होती. ओदिलच्या नवऱ्याची.
कागदगिरणीची चिमणी आणि वर पांढरा धूर,
दर वसंतात तो शिडी लावून धूर ताजा करायचा.
गिरणी बंद पडली त्यानंतरही दोन वसंत
धूर पांढराशुभ्र होता.
आता ती आमच्या डेपोत आहे, रस्त्यावर टाकायच्या
मिठाच्या ढिगामागं, तोंड भिंतीकडं करून.

बाकी बाणांचं काय,
बाण परक्यांसाठी.
आमचे लोक नसलेल्या गोष्टींवरून वळतात :
गान्यांची बेकरी होती तिथं डावीकडं,
वीज पडलेला एल्म होता त्याच्या अलीकडं थांब.
होदान आली त्या रात्री
(दोन मुलं, तिसरं पोटात, उसनी गाडी, फेब्रुवारी)
पेट्रोलपंपावरच्या पोरानं तिला असाच पत्ता सांगितला.
बेकरी शोधत ती पहाटेपर्यंत फिरली.
बैठकीत ती एकदाच बोलली :
अक्षरं मोठी करा.
आणि हॉस्पिटलचा बाण काढू नका,
हॉस्पिटल अडतीस मैलांवर गेलं असलं, तरी.
तो मी स्वतः बसवला. खाली ३८ लिहून.

मग प्रश्न आला पाठीचा.
येणाऱ्याला ‘स्वागत’, ठीक. जाणाऱ्याला काय?
‘पुन्हा या’, मॅनेजर म्हणाला.
‘सांभाळून जा’, शाळेतल्या बाई.
ओदिल म्हणाली, जाणाऱ्याला कशाला वाचायला लावता,
त्याचे डोळे पुढं असू देत.
एक तास गेला. कॉफी संपली.
शेवटी कुणाच्या तरी ध्यानात आलं
की मागच्या बाजूला अकराशे डॉलर जास्त पडतील,
आणि विषय मिटला.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी
मी वेशीवर बोल्ट आवळत होतो,
पातळी बघत, बुडबुडा मधोमध.
कोरीनची गाडी आली. मागच्या काचेतून
उशी दिसत होती, दिवा, तिची स्केट्स.
सकाळी घरी निरोप झालाच होता,
म्हणून ती थांबली नाही. हॉर्न दिला. दोनदा.
मी पाना वर केला.

रात्री फोनवर म्हणाली,
पपा, मागं काहीच लिहिलेलं नाही.
म्हटलं, पैसे नव्हते.
म्हणाली, आरशात नुसतं ऊन दिसत होतं,
इतकं, की मला आरसा वळवावा लागला.
मग खोलीबद्दल बोलली, जोडीदारीण बरी आहे म्हणाली.

लोकसंख्या ४,३१२, असं पाटीवर आहे.
मोजणी झाली तेव्हा रेनाल्ड वेलेट जिवंत होता,
बूशे बहिणी उबेच्या मुलखात गेल्या नव्हत्या,
होदानची धाकटी जन्मली नव्हती.
आकडा बदलायची सोय सल्लागारबाईंनी ठेवलीय :
अंक वेगवेगळे आहेत, सरकवता येतात.
मला अजून कुणी सरकवायला सांगितलेलं नाही.

एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर पुन्हा मापलं.
पाच फूट खणूनही
जमिनीनं खांब अर्धा इंच ढकललाय,
गावाकडं नाही,
रस्त्याकडं.
पाना गाडीत होता.
तशीच ठेवली.