जवभर

बेडगे मॅडमनी बजावलं होतं : दोन तास,
आणि कशालाही हात लावायचा नाही.
सांगलीच्या संग्रहालयातलं मागचं दालन, पंखे बंद,
पाहुण्या लाकडाला वारा सोसत नाही म्हणे.
आम्ही तिसऱ्या वर्षाचे अठ्ठावीस जण
घाम पुसत, ओळीनं, विलायती किटल्यांसमोर.

आखूड चोचीची एक पांढरी किटली.
तीन चौकोनी पायांचा प्लग, मुठीएवढा, हट्टी.
रस्त्यावरची पाटी : शाळेला निघालेली दोन मुलं,
मुलगी पुढे, पोराचा हात धरून.
आफ्रीन म्हणाली, ही बघ, आमची थोरली.

मग खुर्ची.
लाकडाचे पापुद्रे एकावर एक चिकटवून
साच्यात दाबून वाकवलेली.
पाठ टेकते तिथंच लाकूड,
बाकी जागा मोकळी सोडलेली.
चिठ्ठीवर होतं : युद्ध संपलं होतं, लाकूड नव्हतं.
मला तेवढंच वाक्य आवडलं.
बाकीच्या चिठ्ठ्या फार बोलत होत्या.

मी उकिडवी बसून खालून बघितलं.
खुर्ची खालून बघायची, हे अप्पांचं.
अप्पा कुपवाडला फौंड्रीसाठी पॅटर्न करतात,
पंपांच्या पोटाचे, सागवानी.
वाळूत ठसा उठला की काम संपलं.
पंप जातो कुठल्या कुठल्या विहिरींवर,
पॅटर्न राहतो मांडणीवर, लाल नंबर घेऊन.
नाव टाकावं असं कुणाला सुचलं नाही,
अप्पांनाही नाही.

खुर्चीच्या पोटाला, कडेशी,
कानशीचा एक ओरखडा होता.
कुणाची तरी घाई. शनिवार असेल.
मी तो कुणाला दाखवला नाही.
"काचेला टेकू नको, पोरी," रखवालदार म्हणाला.

रात्री फरशीवर चार कागद जोडले.
चिठ्ठीवरची मापं, इंचातली, पूर्ण आकारात.
पट्टी हाताला लागली ती घेतली.

अप्पा जेवून आले, कागदाभोवती एक फेरी मारली,
आणि हसायलाच लागले.
"माझी पट्टी घेतलीस व्हय?"

लोखंड निवताना आकसतं.
म्हणून त्यांच्या पट्टीवरचा फूट
बाजारातल्या फुटाहून जवभर मोठा.
माझी खुर्ची तेवढीच वाढली होती,
उंचीला, रुंदीला, रिकाम्या जागेलासुद्धा.

"खोडू?"
त्यांनी पट्टी उचलून खिशात घातली.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले,
"अजून निवायची हाय."