शून्य पॉइंट शून्य तीन

यादीत नाव लागलं भूशास्त्राला,
केमिस्ट्री दोन मार्कांनी हुकलं म्हणून.
थोरला काका म्हणाला, दगडं शिकायला कॉलेज कशाला,
आमच्या वर्गात निम्मी दगडंच होती.
सगळे हसले. मीही हसले,
आणि फीची पावती सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

आम्ही नऊजण.
खडू हातात यायच्या आत हजेरी संपते.
नाईकनवरे मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
चाटून बघा.
रेश्मा मुल्लाणीनं पांढऱ्या मातीचं ढेकूळ जिभेला लावलं,
ते चिकटून बसलं, सुटेना,
आणि ती आमच्यातली पहिली भूशास्त्रज्ञ झाली.

केएमटीच्या कंडक्टरला पिशवीतला हातोडा दिसला.
'लोहाराची का गं तू?'
'न्हाई ओ, सायन्सची.'
सुट्टे दोन रुपये त्यानं दिलेच नाहीत.

पन्हाळ्याच्या वाटेवर गाडी थांबवून
मॅडमनी कापलेली दरड दाखवली.
खाली काळा दगड, वरही काळाच,
मध्ये विटकरी पट्टा, वीतभर.
'इथं लाव्हा थांबला होता.
किती वर्षं, नेमकं सांगता येत नाही.
थांबला म्हणून माती झाली. मग पुन्हा आला.'
प्रथमेशनं वडा खात विचारलं, परीक्षेला येतंय का?
येतं, पाच मार्कांना.
मी पट्ट्यावर बोट ठेवून उभी.
बारावीनंतरची माझी गॅप एका वर्षाची,
अजून निघते
प्रत्येक पाहुण्यापुढं.

घर बदलताना पाटा फुटला,
उत्तरेश्वर पेठेतून साने गुरुजी वसाहतीत येताना.
टेम्पोवाला म्हणाला, मिक्सर घ्या की आता काकी.
आई काही बोलली नाही.
मोठा तुकडा न्हाणीत गेला, धुण्याला.
बोटाएवढा मी उचलला.

लॅबमध्ये जाड काचेवर
कार्बोरंडमची पूड, पाण्याचे चार थेंब,
आणि मी घासतेय पुढं-मागं, पुढं-मागं.
'आठ काढ आठ!' आकाराम मामा ओरडले,
'चटणी वाटतीयास व्हय?'
तीन दिवस आठाचे आकडे.
बोटांची सालं गेली, ओढणी राखाडी झाली.
केसाच्या निम्म्याहून पातळ,
शून्य पॉइंट शून्य तीन मिलिमीटर,
तिथं पोचलं की काळ्यातून उजेड जातो.
एक घासा जास्त झाला
तर काहीच उरत नाही.
त्या भीतीनं मी हात जरा लवकर उचलला.

मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.
'प्लॅजिओक्लेज पिवळं दिसतंय. राखाडी हवं.
स्लाईड जाड राहिली.'
जर्नलवर लाल शाईत, दहापैकी आठ.

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला आई आली,
इस्त्रीच्या साडीत, हातात पिशवी.
तिला एक डोळा मिटता येत नाही,
तळव्यानं झाकून वाकली.
मी तबकडी फिरवू लागले:
हे निळं-जांभळं पायरॉक्झीन,
ह्या पट्ट्या-पट्ट्यांच्या काड्या...
ती ऐकत नव्हती.
मागं पॉलिटेक्निकच्या पोरांची रांग,
कुणीतरी खाकरलं.

'वीस वर्षं वाटलं ह्याच्यावर,' ती वाकलेलीच,
'कांदा, लसूण, संकेश्वरी मिरच्या.
तिखट कुठं गेलं म्हणायचं एवढं?'
मी म्हटलं, धुतेस की गं रोज.
'व्हय, ते बी खरंच.'
तबकडी अजून एक घर फिरली.
'हळद मात्र मुरलीय. ही बघ की, पिवळी.'

मॅडम मागंच उभ्या होत्या.
मी तोंड उघडलं, नाही गं आई, स्लाईड जाड...
मॅडम माझ्या पायावर पाय देऊन म्हणाल्या,
'हो हो. चांगलीच मुरलीय.'

मार्क आठच राहिले.