फुलपेशी

काचपट्टीवर इसाओदादाचं रक्त.
गोतो बेटावरच्या या इस्पितळात
रात्रपाळीला मी एकटी, निवृत्तीला आठ महिने,
खिडकीतून माकूळ धरणाऱ्या होड्यांचे पांढरे दिवे.

भिंगाखाली पाकळ्या.
केंद्रक गोल असावं, इथं दुमडून दुमडून
त्याचं फूल झालंय.
पुस्तकातही नाव तेच: फुलपेशी.
इतकं देखणं नाव ज्यानं ठेवलं
त्याच्यावर माझा जुना राग आहे.

विषाणू आईच्या दुधातून येतो,
साठ-साठ वर्षं गप्प बसतो,
बहुतेकांच्यात गप्पच राहतो.
त्याच्या एका प्रथिनाचं नाव टॅक्स.
नाव योगायोगानं पडलं, वसुली मात्र खरी.

पेशीत एक असतो, पी-त्रेपन्न.
डीएनए उसवला की म्हणतो, थांब, आधी शिव.
शिवता येत नसेल तर मर,
शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास न देता.
टॅक्स त्याला मारत नाही.
दादाच्या गाठीचा काप मीच रंगवला:
तो आहे, नको तितका आहे,
केंद्रकाकेंद्रकात तपकिरी, ताठ उभा,
संप चाललेल्या गोदीतल्या मुकादमासारखा.
ओरडतोही असेल.
आणि टॅक्सचं दुसरं बोट
जगण्याच्या कळीवर दाबलेलं,
जग, जग, जग,
उचलायचं नावच नाही.

आमच्या अंगणातली त्सुबाकी
पाकळी पाकळी गळत नाही,
अख्खं फूल एकदम सोडते.
आई सकाळी झाडताना म्हणायची,
पडणं जमलं पाहिजे गं.

दादाला तिनं दोन वर्षं पाजलं.
माझ्या वेळी ती तापानं अंथरुणाला खिळली,
मी भाताच्या पेजेवर वाढले.
ते मी तिला जन्मभर ऐकवलं.
भांडणात, माझ्या लग्नात,
शेवटच्या आजारातही एकदा,
तिला पाणी पाजताना.

काल माझा तपासणीचा कागद आला. निगेटिव्ह.
घडी करून खिशात ठेवलाय,
वाकले की करकरतो.

शंभर मोजायच्या असतात.
एकतीस फुलं झाली, अजून वीस पेशी बाकी.
वरच्या मजल्यावरून दादाचा फोन:
झोप येत नाही. काय दिसतंय?

मोजतेय अजून, मी म्हणते,
आणि पट्टी सरकवून
पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेते.