नावाचा रकाना

पहिली कसोटी सोपी असते.
नखाने ओरखडा काढायचा.
दूध आलं तर झाड इथलंच,
कारूच्या खडकातून आपलं आपण उगवलेलं.
पाणी आलं तर निवडुंग, समुद्रापलीकडचा;
मग यादी उघडायची.

डोर्टी मावशीच्या परसात
पाणी आलं.

टेप लावली. उंची अडीच माणूस.
धारा सात, एका फांदीवर आठ.
काटे नऊ, मधला लांब, खाली झुकलेला,
कुणी काहीतरी विचारल्यावर
मान घालावी तसा.
पुस्तकात दोन नावं उरली.
एक यादीतलं: मुळासकट उपटा, जाळा.
दुसऱ्याला कुणाची हरकत नाही.
दोघांत फरक एकच,
फुलाचा देठ केसाळ की गुळगुळीत.

"हा फुलत नाही रे," मावशी म्हणाली
आणि चहात तिसरा चमचा साखर टाकली, मला न विचारता.

मी लिहिलं: फुलोरा नाही. पुन्हा भेट.

पुन्हा भेट. पुन्हा भेट.
तीन वर्षं तोच शेरा.
दरम्यान मी टेकड्यांवरच्या फड्या निवडुंगांवर
आमच्या खात्याचे किडे सोडत फिरलो,
कापसात दडलेले, चिरडले की बोटं लाल करणारे.
ती लाली साबणाने जात नाही. लिंबाने थोडी जाते.

चौथ्या खेपेला ऊन तिरपं होतं
म्हणून दिसलं:
धारेच्या कडेने ओळीत वण,
पेन्सिलीच्या मागच्या टोकाएवढे, गोल,
जुने राखाडी, नवे अजून ओलसर.
दर उन्हाळ्यात, रात्रीच्या आत,
कुणीतरी एकूण एक कळी खुडत होतं.

मी मावशीकडे पाहिलं.
मावशीने कोंबड्यांकडे पाहिलं.

मग तिनेच सांगितलं, विषय बदलल्यासारखं:
"आमची गल्ली खालच्या चर्चमागे होती.
कागद आला तेव्हा त्यात
सगळ्यांची नावं बरोबर लिहिलेली होती,
माझ्या धाकट्या भावाचं, विल्डस्कट, डी. जे., तेसुद्धा.
एक अक्षर चुकलं नव्हतं.
आईने रॉकेलच्या डब्यात ही फांदी रोवली,
गाढवगाडीवर सगळ्यात शेवटी ठेवली.
काटे ना! दुसरं काही त्याला टेकवता येत नव्हतं."

त्या दिवशीही मी लिहिलं
फुलोरा नाही.
अक्षर थोडं वाकडं आलं, रस्ता खराब होता,
पण गाडी तेव्हा उभीच होती.

जानेवारीत रात्री फोन.
"ये. या वर्षी एक ठेवली आहे.
डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय,
पुढच्या वर्षी कळेल न कळेल."

मी चाळीस मैल गेलो, बॅटरी घेऊन, फॉर्म घेऊन.
फूल ताटाएवढं.
पाकळ्या उघडताना आवाज होत नाही म्हणतात;
होतो, ओला कागद सोडवावा तसा.
एक पतंग आत शिरला आणि
पिठात लोळल्यासारखा बाहेर आला.
मी देठावर बॅटरी धरली.

गुळगुळीत.

"काय रे नाव?"
मी सांगितलं. लॅटिन, दोन शब्द.
तिने तोंडात घोळवून पाहिलं,
दुसऱ्या शब्दावर अडखळली, हसली.
"आई त्याला कुत्रा म्हणायची.
दारात बसतो आणि भुंकत नाही."

पहाटे फूल लोंबत होतं, पायमोज्यासारखं.
मावशीने ते तोडून माझ्या हातात दिलं.
"घे. तुझा पुरावा."

तो डॅशबोर्डवर वाळतोय.
वळणावर सरकतो, काचेला लागतो.
साहेबांनी कालच विचारलं, त्या परसाचं काय झालं.
फॉर्म सीटखाली आहे;
नावाच्या रकान्यात
मी पेन टेकवलं होतं तिथे
एक टिंब पडलंय,
निळं,
अजून पसरतंय.