गरम भिंत

घर पाडलं त्याला सत्तर वर्षं झाली.
पायऱ्या राहिल्या, अकरा.
चढून गेलं की मेंढ्या दिसतात
आणि वेल्सच्या टेकड्यांवरून सरळ येणारा वारा.
"इथे दिवाणखाना," इडवाल प्रॉबर्ट म्हणतो
आणि चिखलाचे बूट न पुसता आत जातो.

फितीचं एक टोक माझ्याकडे, एक त्याच्याकडे.
खंदक: दीडशे पावलं.
घराच्या बाजूने तो दिसतच नाही.
हिरवळ क्षितिजापर्यंत सलग वाटावी,
गुरांनी मात्र अलीकडे येऊ नये, अशी सोय.
"गुरांनीच नाही," इडवाल म्हणतो.

यूची झाडं सात.
कधीकाळी कातरून केलेले हत्ती, उंट, वजीर.
मग शिडी मोडली,
नवी मागवायला कुणी उरलं नव्हतं.
आता सगळ्यांचे खांदे एकमेकांत गेलेत.

बर्फघराला कुलूप. आत वटवाघळं.

पडवीत खुंटीवर कातड्याचे तीन गोल बूट:
गवतकापणीचं यंत्र ओढणाऱ्या तट्टाचे,
हिरवळीवर खूर उमटू नयेत म्हणून.
चौथा?
तो खांदे उडवतो.

शेवटी भिंत.
दक्षिणेकडे तोंड, बारा फूट उंच, आतून पोकळ.
पोटातून धुराची वाट नागमोडी वर जाते.
मागच्या अंगाला चार बुटक्या चुली.
एप्रिलच्या रात्री पीचचा मोहर गोठू नये म्हणून
इडवालचा बाप, वय तेरा,
दर दोन तासांनी कोळसा घालायचा.
एकदा डोळा लागला.
सकाळी मोहर काळा.
मुख्य माळी ओरडला नाही,
त्याला फांदीफांदीपुढे उभं करून
मोजायला लावलं फक्त.
दोनशे बारा.
म्हातारपणी झोपेत बरळायचा तो आकडा.

"पीच खाल्ला होता त्यांनी कधी?"
"डब्यातला. नाताळला.
पाक आवडायचा."

भिंतीत खिळे अजून आहेत, हजारो,
कशालाच न धरलेले.
शिशाची एक पट्टी: नऊ नंबर, नाव नाही.
विटेच्या फटीत बोट घातलं तर काजळी येते.
मी लिहून घेते: काजळी, कोरडी.

ऊन उतरलंय.
इडवाल विटांवर तळवा टेकवतो,
पोराचा ताप बघावा तसा,
बराच वेळ.
मग घड्याळ बघतो.