हातभर किंवा कोसभर

सफरचंदाच्या पाकळ्या गवतात उतरल्या त्या दिवशी
मी पोळ्याचे हिस्से केले.
पाच चौकटी म्हाताऱ्या राणीकडे राहिल्या,
पाच शेजारच्या स्टुलावर, नव्या पेटीत:
अंडी होती, कोवळ्या अळ्या होत्या, राणी नव्हती.

चौथ्याच दिवशी तू आलास, लिनास,
आयर्लंडमध्ये कमावलेली गाडी फाटकाशी चालूच ठेवून.
"नेऊ का आज?"
मी म्हटलं, आधी इंजिन बंद कर.

तिथे आत, चौकटीच्या कडेला
शेंगदाण्याच्या टरफलासारखं एक घर लोंबतंय.
त्यात जी आहे तिला अजून पंख नाहीत.
तुझ्या गाडीचा एक खड्डा,
आणि ती जन्मभर लुळी.

बाराव्या दिवशी पेटीला कान लावला.
आतून पिपाणी वाजत होती, बारीक, हट्टी.
तू फोनवर म्हणालास, "झाली ना आता?"
झाली. पण अजून बाहेर पडायचीय,
उन्हाच्या दुपारी, वाऱ्याला सवड असेल तेव्हा,
नर जिथे घिरट्या घालतात तितक्या उंच.

आमच्या झेनोनसने एकदा घाई केली होती.
भरदुपारी पेटी हलवली, राणी वर असताना.
ती परतली तेव्हा खाली चार विटा.
संध्याकाळपर्यंत त्या विटांवरून चालत होती.
त्यानंतर कित्येक दिवस हा माणूस
पेट्यांजवळून जाताना टोपी काढायचा.

माशी घर ओळखत नाही, बाळा, जागा ओळखते.
म्हणून हलवायचं तर हातभर,
नाहीतर कोसभर.
मधल्या अंतरात नुसतं हरवणं असतं.

सत्ताविसाव्या दिवशी चौकट उन्हाकडे धरली.
चष्मा पुसला, पुन्हा धरली.
घराच्या तळाशी एकेक अंडं, उभं,
तांदळाच्या कणीहून बारीक.
मी तुला एवढंच कळवलं: रात्री ये. दोरी आण.

आणि रात्र तर जूनमधली.
अकरा वाजले तरी आभाळ मिटेना,
टेकडीवर सेंट जॉनच्या होळ्या कालच्याच धुमसत होत्या,
माश्या दाराबाहेर दाढीसारख्या लोंबलेल्या.
आपण पायरीवर बसून राईचा पाव खाल्ला,
डब्लिनमधल्या खोलीचं भाडं तू मला सांगितलंस.
साडेबाराला शेवटची आत गेली.
मी दाराला शेवाळ कोंबलं, वर जाळी बांधली.

तू टेबलावर नोटा ठेवल्यास. मी त्या तुझ्या टोपीत घातल्या.
आमच्याकडे माशी विकत नाहीत.
कुत्रं मरतं त्याला एक शब्द आहे;
माशीला माणसाचाच लावतात.

पाइनची फांदी दारासमोर लाव, मी बजावलं,
सकाळी अडखळल्या तर वळून पाहतील, जागा पाठ करतील.
तू लावलीस, मला ठाऊक आहे.
पण मी मोजलं होतं ते रस्त्याने:
पुलावरून तुझं शेत सात किलोमीटर.
माशी कुठे पुलावरून जाते?
मेर्किस ओलांडली की जेमतेम दोन.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला त्या आल्या,
ओंजळ दोन ओंजळ, सगळ्या जुन्या, झिजल्या पंखांच्या.
रिकाम्या स्टुलावर उतरल्या,
जिथे दार असायचं तिथल्या हवेत घुटमळल्या.
मी स्टूल उचललं नाही.
चूक माझीच होती, तिला बसायला काहीतरी हवं.

ऊन कलल्यावर त्या एकेक करून
शेजारच्या पेटीकडे वळल्या, आईच्या.
पहारेकरणींनी हुंगलं.
पोटात लिंडनचा रस घेऊन आलेल्याला
कोणी फार वेळ दारात उभं करत नाही.

तू विचारलंस, "किती परत आल्या?"
मी म्हटलं, मोजल्या नाहीत.
रविवारी ये. पावाची सुरी तू तुझ्या खिशातून नेलीस.