गुरुवारी वाटाण्याचं सूप

गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं,
सोबत भट्टीत भाजलेला जाड पॅनकेक
आणि लिंगनबेरीचा जॅम.
केमियार्वीच्या या शाळेत एकोणतीस वर्षं
मी डाव हातात धरून उभी आहे.
पोरं मला चेहऱ्यावरून कळत नाहीत,
वाढून घेण्यावरून कळतात.

पिहला ऑगस्टात दोन डाव घ्यायची.
सप्टेंबरात एक.
आता बर्फ पडून महिना झाला
आणि ती वाटी पुढे करून म्हणते,
"थोडंसंच, राइली. तळ झाकेल एवढं."

कुणी तिला ढकललेलं नाही,
केस ओढलेले नाहीत.
नर्सनं तपासलं : वजन जरा कमी, बाकी ठीक.
मुका मार वजनकाट्यावर दिसत नाही.

मी खिडकीतून बघते ना रोज.
पिहला ताट घेऊन निघते,
सेन्नी मानसुद्धा वर करत नाही,
नुसतं कोपर बोटभर बाहेर काढते.
शेजारची आपली पिशवी उचलून बाकावर ठेवते,
तिसरी हातमोजे पसरते, वाळत घातल्यासारखे,
आणि सहा जणींचं टेबल
पाच जणींनी भरून जातं.

मग हसणं.
पिहलाला नाही हो, छे!
फोनमधल्या कशाला तरी.
ती पुढे गेली की थांबतं, एवढंच.

ती उष्ट्या ताटांच्या मांडणीपाशी
अंगात कोट ठेवूनच उभ्यानं खाते.
मी वर्गशिक्षिकेला सांगितलं.
ती म्हणाली, "या वयात पोरींचं असंच.
आज कट्टी, उद्या बट्टी."
मी काय बोलणार? डाव त्यांचा होता,
माझ्या हातातला नुसता सुपाचा.

खोटं.
बोलता आलं असतं.
पण मला तो खेळ फार आतून माहीत आहे.

पंचाहत्तर साली, याच आवारात, जुन्या लाकडी इमारतीत,
मार्केता नावाची मुलगी होती.
सीमेकडच्या वाडीवरून यायची, अंगाला गोठ्याचा वास.
आम्ही ठरवलं, ती ऐकू येत नाही.
हजेरीला ती म्हणायची, "हजर,"
आणि मी मागे वळून विचारायची,
"कोण बोललं?"
कल्पना माझीच होती.
सगळा वर्ग खिदळायचा, मास्तरसुद्धा गालात.
वसंतापर्यंत तिचा आवाज इतका बारीक झाला
की आम्हाला खरंच ऐकू येईना.
मग तिच्या वडिलांना स्वीडनमध्ये मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं.
पुढचं मला माहीत नाही.
मी विचारलं नाही कुणाला.
पहाटे वाटाणे उपसताना, बाहेर मिट्ट काळोख,
पाण्याच्या आवाजात कधी कधी
"हजर."

आज मी पिहलाला आत बोलावलं.
डोक्याला जाळी दिली, हातात सुरी.
"कीव करतेस का माझी?" तिनं विचारलं.
"चारशे दहा तुकडे आहेत," मी म्हटलं,
"आणि माझं मनगट दुखतंय."
मनगट खरंच दुखतं.

रांगेत सेन्नी आली.
तिची वाटी धरलेली बोटं बघितली मी,
नखं कुरतडून कुरतडून मांसापर्यंत गेलेली.
कधीपासून, देव जाणे.
मी कोपरावरच डोळा ठेवून होते इतके दिवस.
तिलाही दोन डाव घातले, न विचारता.

"जॅम संपला?" सेन्नीनं हवेला विचारलं.
"आहे," पिहला म्हणाली. जाळीखालून. बारीक आवाजात.

माझा डाव भांड्यावरच थांबला.
मी वाट बघत होते,
मागून कुणीतरी विचारेल म्हणून.

सेन्नीनं माझ्याकडे बघितलं,
तिच्याकडे नाही,
आणि जॅम घेऊन गेली.

याला मिटणं म्हणत नाहीत.
उद्या मासे आहेत,
उद्या पुन्हा तोच बाक.
पिहलानं पॅनकेकचे कडेचे तुकडे खाल्ले,
चार.
मी मोजले.